सोमवारच्या बाटल्या

ओगले साहेबांनी आम्हा दोघांना फसवलं. मला आणि कांबळे मॅडमना. मला कमी, त्यांना जास्त. मला कमी फसवलं कारण मी घासाघीस केली. मॅडमनी केली नाही.

"परब, हे काय आहे?" ओगल्यांनी टेबलावर एक छोटी काचेची बाटली ठेवली.

"बाटली."

"आत?"

"तुमचं औषध."

"आणि औषधात?"

मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यासारख्या स्वच्छ औषधात बारीक पांढरे धागे तरंगत होते. काचेच्या आतल्या अंगाला थोडं धुकं धरल्यासारखं दिसत होतं.

"तुमच्या मशीनची रिंग झडतेय," ओगले म्हणाले. "मुलुंडच्या एका केमिस्टने बाटल्या परत पाठवल्यात. मशीन उचला."

मी काय करायचो ते सांगतो. बाटल्यांत औषध भरायची मशीन बनवायचो. साकीनाक्याला माझा गाळा होता, दोन लेथ, एक ड्रिलिंग आणि मी. आयटीआयचा फिटर. वडील गिरणीत रंगखात्यात होते. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि ते घरी बसून होते. गाळ्याच्या भाड्यापासून नट-बोल्टपर्यंत सगळं मी भांडून मिळवलेलं. पहिली चार वर्षं बादल्यांचे कान आणि दरवाज्यांच्या बिजागऱ्या केल्या. मग हे पहिलं मोठं काम मिळालं. अंधेरी एमआयडीसीतली एक लहान कंपनी इन्सुलिनच्या बाटल्या भरायची, ओगले तिचे प्रॉडक्शन मॅनेजर. साखरेचे पेशंट रोज टोचून घेतात ते इन्सुलिन. तेव्हा ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. त्याची पावडर बाहेरून यायची, इथे पातळ करून, गाळून बाटल्यांत भरायची. भरायचं मशीन माझं.

मशीन म्हणजे फार काही नाही. वर स्टीलचं एक मोठं पातेलं. त्यातून चार नळ्या खाली चार पंपांत. पंप म्हणजे रंगपंचमीची पिचकारी समजा. दांडा मागे गेला की औषध ओढतो, पुढे गेला की बाटलीत ढकलतो. दांड्याभोवती टेफ्लॉनची पांढरी रिंग असते, गळू नये म्हणून. ओगल्यांचं म्हणणं, धागे त्या रिंगचे.

"उचलतो," मी म्हणालो. "पण कारण लिहून द्या."

"लिहून कशाला? कुणी विचारलं तर मी तोंडी सांगेनच."

हीच तर भीती होती. एमआयडीसीत प्रत्येक प्रॉडक्शन मॅनेजर दुसऱ्याला ओळखायचा. 'परबचं मशीन झडतं' एवढं एक वाक्य फोनवरून फिरलं असतं की मी परत बिजागऱ्यांवर. दोन मशीनच्या ऑर्डरी तोंडावर आल्या होत्या, त्याही गेल्या असत्या.

"मला महिना द्या," मी म्हणालो. "धागे माझे निघाले तर मशीन माझ्या खर्चाने उचलतो आणि एमआयडीसीच्या गेटवर उभा राहून सांगतो की माझी चूक."

"महिना? वेड लागलंय का? आठ दिवस."

"आठ दिवसांत रिंगची ऑर्डरसुद्धा येत नाही, साहेब."

"पंधरा. एक दिवस जास्त नाही."

मला पंधराच हवे होते. वर मी कंट्रोल सॅम्पल मागून घेतले. रोजच्या भरणाला बॅच म्हणतात, आणि प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या कंपनी स्वतःकडे कपाटात ठेवते, पुढे तक्रार आली तर बघायला. त्या सगळ्या मला बघायच्या होत्या. लॅबमध्ये यायची परवानगीही मागितली. ओगले हसले. त्यांना खात्री होती. "घ्या," म्हणाले, "काय बघायचंय ते बघा."

लॅब माळ्यावर होती. लोखंडी जिना, वर पत्रा, एक खडखडणारा एसी. तिथे सुनंदा कांबळे बसायच्या. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री. घाटकोपरहून यायच्या. वडील साताऱ्याकडून येऊन महापालिकेत लागलेले, घरात कॉलेज पाहिलेल्या त्या पहिल्या. तिशीच्या आतबाहेर, बारीक अंगकाठी, कपाळावर पेनाची निळी रेघ हमखास. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी वर न बघता सांगितलं, "हात धुवा. कोपरापर्यंत."

"मी फक्त बोलायला—"

"बोलायच्या आधी धुवा."

मी धुतले. मी कुणाचं पटकन ऐकणाऱ्यातला नाही.

माझ्या खिशात कागदाची पुडी होती. पंप उघडून, रिंग ब्लेडने खरवडून तिचा चुरा आणला होता. मॅडमनी तो मायक्रोस्कोपखाली धरला, मग बाटलीतले धागे धरले, आणि मला जागा दिली. चुऱ्याच्या कुरळ्या साली दिसत होत्या, सुताराच्या रंध्यातून निघतात तशा. बाटलीतले धागे तसे नव्हते. बारीक, सरळ, एकमेकांत गुंतलेले, आणि मधूनच फणीच्या दातांसारखे फुटलेले.

"माझी रिंग नाही," मी म्हणालो. "झालं. चला खाली."

"बसा. तुम्ही म्हणाल रिंग नाही, ओगले म्हणतील कापडाचा धागा आहे, ऑपरेटरच्या एप्रनचा. मग तो म्हणेल धुलाईवाल्याचा. नुसतं काय नाहीये ते सांगून चालत नाही, परब. काय आहे ते सांगावं लागतं."

त्यांनी एका कुपीतून लाल रंग काढला. "काँगो रेड," त्या म्हणाल्या.

मी ओळखला. बाबांच्या खात्यात हा रंग सुताला लावायचे, आणि बाबा त्याला शिव्या घालायचे. आंबट लागलं की निळा पडतो म्हणून. मॅडमना मी हे सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "बरोबर आहे. निळा पडतो. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गिरणीने."

लाल रंग धाग्यांवर चढला. मग त्यांनी मायक्रोस्कोपला खाली एक आणि वर एक अशा दोन काळपट काचा लावल्या, गॉगलसारख्या. वरची फिरवली. सगळं काळं झालं आणि त्या काळोखात धागे हिरवे पेटले. कोवळ्या केळीच्या पानातून ऊन यावं तसे. मी आयुष्यात पुष्कळ मशीनं पहिल्यांदा सुरू होताना पाहिली आहेत. ते हिरवे धागे त्याच रांगेत ठेवतो.

"हे औषधच आहे," मॅडम म्हणाल्या. "इन्सुलिनचे धागे."

"पातळ औषधाचे धागे?"

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. इन्सुलिन हे प्रोटीन. प्रोटीनचा प्रत्येक कण म्हणजे एक लांब साखळी, ठरावीक पद्धतीने स्वतःतच घडी घालून बसलेली. घडी नीट असेल तर कण सुटासुटा राहतो आणि काम करतो. पण औषध ढवळलं, त्यात हवेचे बुडबुडे झाले, उष्णता लागली, स्टीलला घासलं, की काही कणांची घडी विसकटते आणि ते चपटे होतात.

"मंडपवाल्याच्या खुर्च्या," मी म्हणालो.

"काय?"

"लोखंडी, घडीच्या. उघडी खुर्ची एकटी उभी राहते, माणूस बसतो, उपयोग होतो. मिटलेली एकटी उभी राहत नाही. दुसऱ्या मिटलेल्या खुर्चीला टेकवावी लागते."

मॅडम पेन चावत थांबल्या. "पुढे?"

"पहिल्या दोनतीन टेकवताना सारख्या पडतात. चारपाच एकदा उभ्या राहिल्या की मग काय, आणाल तितक्या लावा. भिंतभर रांग होते."

"अगदी असंच होतं," त्या म्हणाल्या. "एकाला एक चिकटून लांबच लांब रांग. तोच धागा. पहिल्या रांगेलाच वेळ लागतो, दिवसच्या दिवस काही दिसत नाही. नंतर भराभर. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत, जुन्या टीबीवाल्यांच्या किडनीत याच जातीचे धागे सापडतात. वेगळं प्रोटीन, पण रचना हीच." मग म्हणाल्या, "खुर्च्या मी लेक्चरला वापरेन हं, कधी शिकवायला मिळालं तर."

"वापरा. फुकट."

"तुम्ही काही फुकट देता?"

इथे मी थोडा थांबतो. ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सकाळी गाळ्यावर दोन तास, मग रिक्षाने एमआयडीसी, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि स्टुलावर बसायचं. दुपारी मॅडम डबा उघडायच्या. ज्वारीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. माझ्या डब्यात सुकटीची चटणी. माझा डबा उघडला की खालच्या ऑफिसातले दोघंतिघं रुमाल नाकाला लावायचे. मॅडम अर्धी चटणी काढून घ्यायच्या. गाळ्यात फोन नव्हता, शेजारच्या गाळेवाल्याकडे निरोप यायचा: "तुमच्या मॅडमचा फोन आला होता, तिसरी बाटली गढूळ झाली म्हणाल्या." तो बिचारा मला आजारी बायको आहे असं समजून चालला होता.

ओगल्यांना आम्ही पाचव्या दिवशी धागे दाखवले. ते म्हणाले, "काँगो रेड कापसालाही लागतो. कापूसही तसा चमकतो. एप्रनचा धागा असेल."

मॅडमनी दोन काचपट्ट्या घेतल्या. एकीवर एप्रनचा कापूस, दुसरीवर बाटलीतले धागे. दोन्हींवर कॉस्टिक सोड्याचे दोन थेंब. कापूस तसाच राहिला. धागे विरघळून गेले.

"गिरणीत सुताला कॉस्टिकचं न्हाणं घालतात, साहेब," मी म्हणालो. "कापूस विरघळला असता तर मुंबई उघडी फिरली असती."

ओगल्यांना हसू आलं नाही. "ठीक आहे. धागा औषधाचा. पण पंपात घुसळून तुमच्याच मशीनने केला ना? पुन्हा दोष मशीनचाच." आणि ते गेले.

पंप औषध घुसळतो हे खरंच होतं. पण जगातला प्रत्येक पंप घुसळतो, आणि मॅडमच्या मते एवढ्याशा घुसळण्याने इतक्या लवकर धागे व्हायला नकोत. पहिल्या रांगेला वेळ लागतो. इथे रांग आधीच उभी असल्यासारखं चाललं होतं.

सहाव्या दिवशी मी कपाटातल्या कंट्रोल सॅम्पलच्या बाटल्या पॅकिंगच्या लांब टेबलावर काढल्या. बॅच नंबरावरून भरल्याची तारीख कळते. शेजारी कॅलेंडर ठेवलं आणि एकेका वाराची एकेक रांग लावली. मंगळवारच्या बाटल्यांत थोडे धागे. बुधवारी जास्त. असं करत शनिवारच्या बाटल्या तर ताकासारख्या. आणि सोमवारच्या सगळ्या स्वच्छ. एकही धागा नाही. सात आठवड्यांचे सात सोमवार.

मी जिन्यावरून हाक मारली, "मॅडम! खाली या! माझी रिंग सोमवारचा उपास धरते!"

त्या आल्या, रांगा बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या. "सोमवारी काय वेगळं असतं?" त्यांनी विचारलं.

ते एकाच माणसाला माहीत होतं. पेडणेकर, माझ्या मशीनचा ऑपरेटर. माझ्याच बाजूचा, मालवणी. दिंडोशीला नवीन खोली घेतलेली, तिचे हप्ते चालू. मी त्याला गेटबाहेरच्या टपरीवर चहाला नेलं.

"सोमवारी मशीन कसं लावतोस रे?"

"जसा रोज लावतंय तसा."

"खोटं बोलू नको. सोमवारच्या बाटल्या साफ आहेत."

त्याने मागे वळून गेटकडे पाहिलं. "परबा, माजा नाव खंय येता नये."

"नाही येणार."

"संध्याकाळी पातेल्यात लिटर-दीड लिटर औषध उरता. ता आदी फेकून देयत. आता ओगले सायबान सांगितल्यान, फेकू नको, म्हाग वस्तू हा. बाटलीत भरून थंड खोलीत ठेव, सकाळी नव्या मालात घाल. शनिवारी पातेला वाफेन धुवचा लागता, रविवारी सुट्टी, म्हणून शनिवारचा फेकतव. सोमवारी सगळा नवा."

"लिहिलेलं आहे कुठे?"

"तोंडी. लिवन कोण देता?"

मी ग्लास तसाच ठेवून निघालो. कुणीही सांगेल हे काय आहे. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात. दिवसभर पंपात घुसळलेल्या औषधात डोळ्याला न दिसणाऱ्या पाचदहा खुर्च्यांच्या रांगा तयार व्हायच्या. त्या उचलून उद्याच्या ताज्या औषधात ठेवल्या की पहिल्या रांगेचा वेळ वाचला. पुढे बाटलीत, दुकानाच्या उष्णतेत, बाकीचं आपोआप. गाळणीचाही उपयोग नव्हता, कारण गाळणी आधी आणि पातेलं नंतर.

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या होत्या, पण म्हणाल्या एवढंच, "सिद्ध करावं लागेल." आणि लगेच: "हलवायला काहीतरी हवं. बाटल्या सारख्या हलवत ठेवायला. आपल्याकडे शेकर नाही."

साकीनाक्याला सगळं मिळतं. मी भंगारवाल्याकडून फियाट टॅक्सीची वायपरची मोटर आणली, तिला पत्र्याचा ट्रे जोडला. काचेवर वायपर जसा जातो-येतो तसा ट्रे जायचा-यायचा. चालू झाला की 'खुट-खुट' आवाज. मॅडम त्याला टॅक्सीच म्हणायच्या. टॅक्सी गरम पेटीत ठेवली, अंगाच्या तापमानाला, आणि वर बाटल्यांच्या तीन रांगा. पहिलीत नुसतं ताजं औषध. दुसरीत ताजं औषध आणि उरलेल्या औषधाचे दोन थेंब. तिसरीतही तेच दोन थेंब, पण आधी कॉस्टिक घालून धागे मोडलेले आणि मग आम्ल घालून कॉस्टिक मारलेलं. तिसरी रांग मला सुचली नसती. "कुणी म्हणेल थेंबांत दुसरंच काही होतं," मॅडम म्हणाल्या. चिकटपट्टीवर त्यांनी अ, ब, क लिहिलं. त्यांचा 'क' खाली शेपटी ओढलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी 'ब' गढूळ. पाचव्या दिवशी 'ब'मध्ये धागे, हिरवे पेटणारे. 'अ' आणि 'क' पाण्यासारख्या. सहाव्या दिवशी 'अ'मधल्या एका बाटलीत किंचित धुकं आलं, बाकीच्या स्वच्छ. मॅडमनी टेबलावर हात आपटला. "झकास!" म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हा शब्द मी तेव्हाच ऐकला.

त्यांनी अकरा पानांचा रिपोर्ट लिहिला. शेवटी दोन ओळी: उरलेलं औषध परत वापरणं ताबडतोब बंद करावं. बाजारात गेलेला माल, सोमवारचा सोडून, परत मागवावा. धागा झालेलं इन्सुलिन साखर उतरवत नाही. पेशंट टोचून घेतो आणि समजतो की औषध घेतलं.

मीटिंग डायरेक्टरांसमोर होती, पंधराव्या दिवशी. चौदाव्या दिवशी दुपारी ओगल्यांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. बिस्किटंसुद्धा. बिस्किटं बघून मी सावध व्हायला हवं होतं. झालोही होतो. पण मला वाटलं सावध आहे म्हणजे जिंकणार.

"परब, तुमचं मशीन उत्तम आहे," ओगले म्हणाले. "हे मी लेटरहेडवर देतो. तुमचा प्रश्न संपला ना?"

"आणि?"

"आणि या नोटवर सही."

नोट अर्ध्या पानाची होती. धागे मशीनचे नाहीत. धागे वाहतुकीतल्या हादऱ्यांमुळे आणि उष्णतेमुळे होत असावेत. पुढील अभ्यास चालू. उरलेल्या औषधाचा उल्लेख नाही.

"हे अर्धंच आहे, साहेब."

"खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. हादरे आणि उष्णता लागतातच.

"मॅडमचा रिपोर्ट?"

"मॅडमचं मी बघतो. हे बघा, ही मंडळी कागद फार चांगले रंगवतात. कारखाना चालवणं वेगळं. तुम्ही धंदेवाले, तुम्हाला कळतं." 'ही मंडळी' म्हणताना त्यांनी आवाज जरा खाली घेतला, मी त्यांचाच माणूस असल्यासारखा. मी बिस्किट चहात बुडवलं.

मी बोललो ते एवढंच: "लेटर नुसतं नको. दुसऱ्या मशीनची ऑर्डर त्याच लेटरमध्ये. आणि एमआयडीसीतल्या तीन कंपन्यांना तुम्ही स्वतः फोन करायचा, माझ्यासमोर."

"दोन."

"तीन."

त्यांनी तीन फोन केले. माझ्यासमोर. "परबचं मशीन? एकदम फर्स्ट क्लास." मी सही केली. त्या वेळी मला वाटलं, मॅडमचा रिपोर्ट आहेच ना, अकरा पानांचा, उद्या त्या मांडतीलच. माझ्या अर्ध्या पानाने काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मांडला. उभं राहून, शांतपणे, तीन रांगा टेबलावर ठेवून. डायरेक्टर म्हातारे, ऐकायला कमी, पण डोकं जागेवर. त्यांनी सगळं ऐकलं आणि ओगल्यांना विचारलं, "उरलेलं औषध परत घालतो आपण?"

"नाही सर. तसं कुठे लिहिलेलं नाही. मॅडमना कुणीतरी चुकीचं सांगितलंय. आणि परबांची वेगळी नोट आहे." त्यांनी ती पुढे सरकवली.

डायरेक्टरांनी वाचली. चष्मा काढला. "परब, मशीन तुमचं. तुम्ही पंधरा दिवस इथे आहात. उरलेलं औषध परत वापरतात का?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. काळजीने वगैरे नाही. मी 'हो' म्हणणार हे त्यांच्या हिशेबी ठरलेलं होतं, त्या पुढचं पान उलटायला बोट ओलं करत होत्या.

मी म्हणालो, "मी मशीनवाला, साहेब. मला मशीनपुरतं माहिती."

पेडणेकरचं नाव वाचवलं असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पेडणेकरचं नाव न घेता 'हो' म्हणता आलं असतं. एका अक्षराचं काम होतं.

मॅडमनी पान उलटलं नाही. कागद गोळा केले, टोकं जुळवली, आणि माळ्यावर गेल्या. तीन रांगा टेबलावरच राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून उरलेलं औषध फेकायला लागले. पेडणेकरने सांगितलं. हुकूम परत तोंडीच. धागे बंद झाले. म्हणजे ओगल्यांना पूर्ण पटलं होतं. बाजारातला माल परत मागवला का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मॅडमना पॅकिंगमध्ये लेबलं तपासायला बसवलं. तीन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

मी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो होतो. मढच्या ओळखीच्या कोळणीकडून घेतलेली सुकट होती पिशवीत. त्यांनी चहा दिला, आईशी ओळख करून दिली. मी काहीतरी बोलायला लागलो तेव्हा म्हणाल्या, "मशीन चाललंय ना तुमचं? मग झालं." सुकट ठेवून घेतली. पुढे त्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या असं कळलं. खुर्च्या सांगत असतील की नाही, देव जाणे.

मशीन चाललं. खूप चाललं. एकाचे चार गाळे झाले.

वर्षभराने धंद्याच्या एका मासिकात ओगल्यांचा लेख आला. 'इन्सुलिनमधील धागे आणि बीजाचा परिणाम'. लेखक एकच. फोटोत बाटल्यांच्या तीन रांगा आणि चिकटपट्टीवर अ, ब, शेपटीवाला क. खाली छापलेलं: 'लेखकाने तयार केलेला शेकर'. माझी टॅक्सी! उरलेलं औषध परत घालू नये, असा सल्लाही शेवटी दिला होता, इतर कारखान्यांना. मी मासिक घेऊन तडक केबिनमध्ये घुसलो आणि त्यांच्या टेबलावर आपटलं. दौत सांडली.

"मॅडमचं नाव कुठाय?"

ओगल्यांनी ब्लॉटिंगने शाई टिपली. "परब, त्या मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणालात ना, तुम्हाला मशीनपुरतं माहिती? मग आता कशाला?"

मी शिव्या दिल्या. वॉचमनने मला बाहेर नेलं. नंतर पुष्कळ वर्षं मी ही गोष्ट लोकांना माझ्या वायपरच्या मोटरची म्हणून सांगत आलो, चोरी झाली, चोरी झाली. चोरी झालीच. पण मोटर भंगारातली होती.

धंद्यात मी एक गोष्ट शिकलो ती इथे लिहून ठेवतो. सौदा करताना समोरचा काय देतोय ते सगळेच मोजतात. आपण काय देतोय आणि ते आपलं आहे का, हे बघायला हवं. त्या दुपारी तीन फोनांच्या बदल्यात मी जे दिलं ते माझं नव्हतं.

ओगले साहेब, तुम्ही निवृत्त होऊन बोरिवलीत असता असं ऐकतो. वय झालं असेल, माझंही झालंय. तेव्हा आता सरळ विचारतो. त्या तीन रांगा कुणी लावल्या, ते तुमच्या सहीने लिहून द्या. सुनंदा कांबळे, पूर्ण नाव. आणि मंगळवार ते शनिवारचा जो माल बाहेर गेला होता तो परत बोलावलात का, की लोकांनी तो टोचून घेतला, तेही लिहा. पेडणेकर गेला, डायरेक्टर गेले, मॅडम सोडल्या तर आता जाणणारे तुम्ही आणि मी. मी काय केलं ते मी लिहिलं. तुम्ही लिहा.